एकशे दहा मिली इंधन आणि खाटभर बिबडी

मी, सुपडू डोंगर महाजन, वय ७१, निवृत्त वेल्डिंग निदेशक, राहणार नशिराबाद, जि. जळगाव, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याबाबत घरात दुमत असल्याने डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

कलम १. घर व बँकेतील ठेव पत्नी कुंदाबाई हिची. तिच्यानंतर मुलगा हितेंद्र व मुलगी मोहिनी यांना निम्मे-निम्मे. गच्चीवर खोली काढू नये, आरशांवर सावली पडते. हितेंद्रने हे दोनदा वाचावे.

कलम २. आरसे, नळ्या व वह्या मोहिनीला. माझ्या प्रयोगाला ती एकटीच कधी हसली नाही. आरशांनी एकवटलेल्या उन्हात नळीतली सिरियम ऑक्साइडची भुकटी तापवावी, म्हणजे ती ऑक्सिजन सोडते. मग तिच्यावरून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ न्यावी. भुकटी त्यांच्यातला ऑक्सिजन ओढून घेते व उरलेल्या वायूंपासून इंधन करता येते. वायू विषारी आहे. नळी गळत असल्यास शौर्य दाखवू नये. कार्बन डायऑक्साइडची टाकी सोडावॉटरवाले चुडामण देतील. "निघालं का पेट्रोल?" असे ते दरवेळी विचारतात, ते मनावर घेऊ नये.

कलम ३. बारा उन्हाळ्यांत निघालेले इंधन एकशे दहा मिली, कपाटात, औषधाच्या बाटलीत. हितेंद्रच्या मित्रांनी पिऊ नये. स्पिरिटच्या स्टोव्हमध्ये घातल्यास दोन कप चहा होतो. एक कुंदाने व एक तिची थोरली बहीण भिकुबाई, राहणार धुळे, यांनी समोरासमोर बसून प्यावा.

कलम ४. एप्रिल २०१४ मध्ये मोहिनीच्या लग्नाची खाटभर बिबडी (ज्वारीचे पापड) गच्चीवर वाळत असताना जळाली. राखणीला भिकुअक्का होत्या, शेजारी शेगडीवर मिश्री भाजत होत्या. ठिणगी त्यांचीच, माझे आरसे झाकलेले होते, असे मी शपथेवर सांगितले. ते खोटे होते. आरसा फिरवताना माझाच हात चुकला. पहिल्याच उन्हाळ्यात प्रयोग बंद पडेल म्हणून मी घाबरलो. कुंदाने बहिणीला नको ते बोलून धुळ्याच्या गाडीत बसवले. अकरा वर्षे दोघी बोलल्या नाहीत. मला याची लाज वाटते.

टीप : साक्षीदाराच्या सहीसाठी हे आज धुळ्यात अक्कांना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "मरानी वाट कसाले देखस? आत्तेच जाईसन बठ्ठं सांग तिले." कुंदाला सगळे सांगेपर्यंत सही नाही म्हणाल्या आणि पिशवी भरून सोबत निघाल्या.

दुरुस्ती, नशिराबाद, सायंकाळ : कलम ३ रद्द, इंधन संपले. चहा दोनच कप झाला. दोघी चारपासून गच्चीवर बोलत बसल्या आहेत. कुंदा माझ्याशी बोलत नाही. मी खालच्या पायरीवर बसून हे लिहिले.

स्थळ : नशिराबाद (धुळे खोडले)
दिनांक : ११ मे २०२५

सही : सुपडू डोंगर महाजन
साक्षीदार : १. भिकुबाई (सही केली, खाली येऊन)
२. रुपचंद, शेजारी