डावा स्पीकर

अण्णा, आज दुपारी मधल्या खोलीला रंग द्यायचा म्हणून फळीवरचे दोन्ही स्पीकर मी खाली काढले. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आई त्यांना फडक्यानं वरवर पुसायची, पण कुणाला सरकवू द्यायची नाही. आता ती माझ्याकडे बीडला असते आणि दिंद्रुडचं घर भाड्यानं द्यायचं ठरलंय. स्पीकर उचलले तर खाली सायकलच्या ट्यूबचे चौकोनी तुकडे फळीला चिकटून बसलेले. मी तिथंच बाजेवर बसले.

ते तुकडे तुम्ही कापलेत तेव्हा मी सातवीत होते. तुम्ही गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर. दिवसभर बैलांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, आणि संध्याकाळी साबणानं दोनदा हात धुतल्याशिवाय टेपला बोट लावायचं नाही. त्या रविवारी मला बाजेवर बसवून "हलू नको" म्हणालात आणि स्टुलावर चढलात. भजनाची कॅसेट चालू आहे. तुम्ही स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढं ओढता, कारण भिंतीला टेकला की पखवाज नुसता घुमतो. मग दोघांची तोंडं जरा आत, माझ्याकडं वळवता. फळी उंच, म्हणून मागच्या कडेखाली ट्यूबचे तुकडे सारता, म्हणजे स्पीकर पुढं झुकावा आणि आवाज डोक्यावरून न जाता कानाशी यावा.

"कुठून येतोय बुवाचा आवाज?"

"डावीकडून."

"मग न्हाई जमलं." अजून एक तुकडा. "आता?"

"मधून."

"मधी तर काहीच न्हाई बाई, नुसती भिंत हाय."

"मधूनच येतोय अण्णा! बुवा तिथं बसलाय जणू."

तुम्ही उतरून माझ्या शेजारी बसलात, डोक्याला डोकं लावून ऐकलंत. "लई बेस," एवढंच म्हणालात. वर्गात कधी पहिली आले तरी तुम्ही असं म्हणाला नव्हतात.

मग मी शिकले, बीडच्या शाळेत लागले, संसारात पडले. तुम्ही रिटायर झालात. एका दिवाळीला आले तर डावा स्पीकर फळीवरून उतरून स्टुलावर, बाजेच्या अगदी उशाशी आलेला. मला हसू आलं, मग राग आला. "हे काय केलंय? दोन्ही सारख्या अंतरावर पाहिजेत, हे तुम्हीच शिकवलं ना? सगळं एकाच बाजूनं ऐकू येतंय."

"मला असंच बराबर वाटतंय."

"वाटून काय होतं?" मी आईचा शिवणकामाचा टेप आणला, बाजेपासून अंतर मोजलं, स्पीकर परत फळीवर चढवला, वळवला, झुकवला. वर्गात पोरांना दटावते त्याच आवाजात सगळं समजावूनही सांगितलं. तुम्ही मांडीवर हात ठेवून ऐकत होतात. शेवटी म्हणालात, "तुझं बराबर हाय, बाई."

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. तेराव्यानंतर आई भांडी आवरता आवरता सहज बोलून गेली, "डावा कान तर दोन वरसांपासून गेलता त्यांचा. अगदी जवळ असलं तरच थोडं ऐकू यायचं."

"मग मला कावून सांगितलं न्हाई?"

"सांगू नको म्हनले. तू गेल्यावर मी म्हनलं, घ्या तो खाली परत. तर म्हनले, पोरीनं मोजून लावलंय, राहू दे."

सहा महिने, अण्णा. सहा महिने तुम्ही त्या बाजेवर बसून अर्धंच भजन ऐकलंत, आणि मी फोनवर विचारायचे, आता कसं वाटतंय ऐकायला? "लई बेस," तुम्ही म्हणायचात.

हे लिहिलेलं आईला वाचून दाखवणार नाही. कागद घडी करून पर्समध्ये ठेवीन, बस्स. आईला वाटतं, मला त्या दिवाळीत काहीच माहीत नव्हतं. पण स्पीकर फळीवर चढवून झाल्यावर, भाऊबिजेच्या सकाळी तुम्ही ओसरीवर बसला होतात आणि मी डाव्या बाजूला उभी राहून चहासाठी तीनदा हाक मारली होती. तुम्ही वळला नाहीत. मग मी फिरून उजवीकडं आले, कप हातात दिला आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्हाला सोबत बीडला न्यावं लागलं असतं, कानाच्या डॉक्टरकडं बसावं लागलं असतं, आणि मला दुपारची गाडी गाठायची होती.