एका वर्गात दोन बाई

प्रिय दिनेश सर,

'प्रिय' लिहिलं आणि पेन तिथेच अडलं, म्हणून पुढे घाईघाईनं 'सर' जोडून टाकलं. हसाल तर हसा. फोनवर तुमचं निम्मं बोलणं 'आवाज येतोय का' यातच जातं, आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. इथल्या किराणा दुकानाचे गुजराती मालक मुंबईला निघालेत, ते हे पत्र तिथून टपालात टाकतील. मला विमानतळावर सोडायला निघालात तेव्हा नाशिकमध्येच, द्वारका चौकातल्या सिग्नलला गाडी अडकली होती. समोरच्या ट्रककडे बघत तुम्ही विचारलंत, "बाई, परत आल्यावर आपण लग्न केलं तर?" आणि मी म्हटलं, "सिग्नल सुटला, चला." पुढे मुंबईपर्यंत आपण दोघं तुमच्या चांदवडच्या कांद्याच्या भावावर बोलत बसलो. त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, आणि ते रोज आठवतं.

टांझानियाच्या दक्षिणेचं हे डोंगरातलं गाव गार आहे, आपल्याकडच्या डिसेंबरासारखं. शाळेवर पत्रे, मुलांचे शर्ट पांढरेशुभ्र, आणि प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. पहिल्याच दिवशी फजिती झाली. मुलं उभी राहून 'शिकामू' म्हणाली. आपण नमस्तेला नमस्ते करतो, तशी मीही हात जोडून तोंडभर 'शिकामू' म्हणाले आणि वर्ग खो खो हसत सुटला. तो शब्द धाकट्यांनी थोरांना म्हणायचा, म्हणजे जवळजवळ 'पाया पडतो'. नाशिकची निवृत्त मुख्याध्यापिका आठवीतल्या पोरांच्या पाया पडली! उत्तर 'मराहबा' असं द्यायचं असतं. आता देते, अगदी रुबाबात.

खरी अडचण वेगळीच होती. इथे बाहेरून आलेल्या स्वयंसेवकाला एकट्यानं तास देत नाहीत. मी इंग्रजीतून शिकवायचं आणि रेहेमा नावाच्या इथल्या विज्ञानाच्या शिक्षिकेनं स्वाहिलीतून, एकाच फळ्यासमोर, एकाच वेळी. माझ्या तासाला दुसऱ्याचा आवाज मी जन्मात खपवून घेतलेला नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? शेजारच्या गणिताच्या तासावरून खडू मागायला आलात तरी मी तुम्हाला दारातच उभं करायचे. तुमच्या आई, लंकाबाई, मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "बाई बोलती लय, पण मनानं चांगली हाय." त्यातलं पहिलं रेहेमालाही लगेच कळलं. ती बोलायला लागली की मी मध्येच खडू उचलायचे आणि ती बिचारी आपलं वाक्य गिळायची. घरी तरी माझं दुसरं काय चाललं होतं? अश्विनचे बाबा गेल्यापासून रेडिओ माझा, चहाची वेळ माझी, कुठली खिडकी उघडायची तेही मीच ठरवायचं. एकटीनं राहायची सवय इतकी मुरली की तिलाच मी माझा स्वभाव म्हणायला लागले. तुमचा प्रश्न ऐकून मला आनंद झाला नव्हता असं नाही, सर. पण आधी भीती वाटली, की माझ्या घरात आता रोज दुसरं कुणीतरी बोलणार.

मग ऑगस्टअखेरीस सावलीचा धडा आला. मी फळ्यावर झोकात आकृती काढली: सूर्य दक्षिणेकडे, काठी मध्ये, ऐन दुपारची सावली उत्तरेला. आयुष्यभर नाशिकला अशीच काढत आले. विषुववृत्त ओलांडून आलेय, इथे या दिवसांत सगळं उलटं, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं हो! पण हाताला कुठे ठाऊक होतं? मुलांनी निमूटपणे उतरवून घेतलं. रेहेमानं फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मुलांना म्हणाली की मॅडमना हे बाहेर जाऊन करून दाखवायचंय. मी असं काहीच म्हटलं नव्हतं. मैदानात झेंड्याच्या खांबाची सावली सरळ दक्षिणेला पडलेली. मुलं सावलीकडे बघतात, मग माझ्याकडे. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात रेहेमा स्वाहिलीत काहीतरी बोलली आणि मुलांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

नंतर मी तिला विचारलं, काय सांगितलंस? ती म्हणाली, "मी सांगितलं, मॅडमच्या घरी सावली दुसरीकडे पडते. पृथ्वी गोल आहे याचा पुरावा त्या इतक्या लांबून आपल्यासाठी घेऊन आल्यात." मी कपाटाकडे तोंड करून रडले. चूक झाली याचं वाईट वाटलं म्हणून नाही. चारचौघांत माझी बाजू कुणीतरी अशी अलगद सावरून घ्यावी, हे मी किती वर्षांत अनुभवलं नव्हतं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून तास खरंच दोघींचा झाला. मी अडले की ती बोलते, ती दमली की मी. आणि गंमत सांगू? दुसरा आवाज असला म्हणून माझा काही कमी होत नाही.

आता पत्राचं कारण. इथल्या हेडमास्तरांनी मला आणखी एक वर्ष थांबायला सांगितलंय आणि मी थांबतेय. तुम्हाला न विचारता कबूल केलं, त्याबद्दल रागवा. अश्विनला काल फोनवर सगळं सांगितलं, अगदी द्वारकेपासून. तो म्हणाला, "आई, सर घोरतात का, ते आधी विचार." पोरगं मोठं झालं हो. शाळेला गणिताला माणूस हवाय, तुम्ही नोव्हेंबरात निवृत्त होताय. मी हेडमास्तरांना तुमचं नाव देऊन टाकलं. त्यांनी वहीतून मान वर करून विचारलं, हे गृहस्थ तुमचे कोण? मी क्षणभरही अडले नाही, सर. म्हटलं, माझे मिस्टर. आता मला खोटं पाडू नका.

तुमचीच,
ज्योत्स्ना