नळीवरचं नाव

चिरंजीवास म्हाताऱ्या बापाचे आशीर्वाद,

तुझी लेक इथे राहून रक्त तपासायचं शिकते आणि सराव माझ्या हातावर करते. पहिल्या दिवशी तिला शीर सापडेना. म्हणाली, "आजोबा, हात लाकडासारखा धरू नका." मी म्हटलं, "भोसकतेस तू आणि बोलणी मी खायची?" खूप हसली.

सरावाच्या नळीवर ती नुसता आकडा लिहायची. माझं नाव का नाही, असं विचारलं तर म्हणाली, "नाव आणि वय पेशंटच्या नळीवर. तुम्ही काय पेशंट आहात?"

परवा तिने वर्गात माझं रक्त काचेवर पसरून पाहिलं. तिच्या बाईंनीही बराच वेळ पाहिलं म्हणे. घरी येऊन म्हणाली, "काच बिघडली माझ्याकडून. परत घेते." एरवी आपली चूक कधी कबूल न करणारी पोर.

आज तिने नळीवर माझं पूर्ण नाव लिहिलं, पुढे वय लिहिलं आणि नळी मुठीत झाकली. मी वाचलं होतं. साधी शिंक आली तरी घाबरणारा मी, पण काहीच वाटलं नाही. सुईही जाणवली नाही.

सोमवारी तिची परीक्षा आहे. तुला कळवलं तर तू धावत येशील आणि ती पुस्तक मिटून बसेल. म्हणून हे पत्र ट्रंकेतच ठेवतो.

"दुखलं का?" सुई काढल्यावर तिने विचारलं. कधी विचारत नाही.

मी म्हटलं, "छे गं, आता तुझा हात बसला."

तू वेळेवर जेवत जा.

तुझे,
बाबा