आईनं पाहिलेला समुद्र

तीर्थपुरी, ता. ९ मार्च १९९४

तीर्थरूप आबाराव दाजींना धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. तुमच्या कोकणातून आल्यापासून गुडघे वाकत नाहीत.) वच्छलाक्काचा खोकला कसा आहे? इकडे आई बरी आहे, मोतीबिंदू तेवढा पिकत चाललाय.

डोळे जायच्या आत समुद्र बघायचा, हा एकच हट्ट तिनं जन्मात धरला, आणि तुम्ही रत्नागिरीकडे नोकरी करणारे जावई असून आम्हाला चांगला किनारा सोडून त्या आडरानातल्या खाचेत धाडलंत. तिथं गर्दी नसते म्हणालात. बराबर आहे, कोण कशाला मरायला येईल! ना रस्ता, ना चहाची टपरी. करवंदीच्या जाळ्यांतून शेळ्यांची वाट, तीही अर्ध्यात संपलेली. (शेळ्या शहाण्या, तिथूनच परतत असाव्यात.) आईला पाठीवर घेऊन उतरलो. एक चप्पल दरीत गेली, दुसरी मी रागानं फेकली. आई वरून "हळू रे, कंबर सांभाळ" म्हणायची आणि माझाच गळा आवळायची.

खाली आपल्या खळ्याएवढी वाळू, तिन्ही बाजूंनी काळा कडा, समोर समुद्र. लाटांचा आवाज कड्यावर आपटून चहूकडून येत होता. आईला उतरवलं, तर बाई समुद्राकडे पाठ करून कड्यासमोर बसल्या! पदर सावरून हात जोडले. "केवढा मोठा रे राधाकिसन! आन् काळा किती!" एवढा खर्चा करून आणलं आणि ही डोंगर बघून राह्यली. पायात काटे मोडलेले, मी ते उपटत बसलो. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "चल, झालं माझं." तिच्या या तऱ्हेला काय म्हणावं?

आपला,
राधाकिसन

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरं झालं. काल ओट्यावर आई बायकांना सांगत होती, "समुद्र काळाकुट्ट असतो बाई. उभाच्या उभा, पार आभाळाला टेकलेला. गरजतो लई, पर हलत बिलकुल न्हाई." दाजी, मी गोठ्यात जाऊन रडलो.

ता. क. दुसरा. ती ऑपरेशनला तयार नाही. म्हणते, समुद्र बघून झाला, आता डोळे कशाला? तुमचा शब्द ती मोडत नाही, तुम्ही लिहा. पण समुद्र दिसलाच नाही, हे तिला कळू देऊ नका. म्हणा, समुद्र तर झाला, त्याच्या समोरचा डोंगर तेवढा बघायचा राहिलाय. पाठीवर मी नेईन.