साठ प्रश्नांच्या चाचणीची विल्हेवाट

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, शाळेत ‘भविष्यबाई’ या नावाने ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वहस्ते लिहून ठेवत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे; ते रागात लिहिले होते.

१. माझे स्वतःचे घर मुलीला मिळावे. सव्वीस वर्षे मी दुसरीतल्या मुलांची साठ प्रश्नांची चाचणी घेऊन कोणी पुढे काय व्हायचे ते ठरवून देत असे. मुलीच्या निकालात ‘दंतवैद्य’ निघाले. ती झालीही. चार वर्षांनी दवाखाना बंद करून तिने जुने सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचे दुकान टाकले. मी नऊ वर्षे तिच्याशी बोलले नाही. माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर तिनेच मला दुकानामागच्या खोलीत आणून ठेवले. एकदा न राहवून विचारले, “दातांचं काय वाईट होतं?” ओठांत धरलेले खिळे काढून ती म्हणाली, “काही नाही गं आई. खुर्च्या मला घाबरत नाहीत, एवढंच.” आणि गुणगुणत पुन्हा कामाला लागली. दवाखान्यात ती कधी गुणगुणली नव्हती.

२. बँकेतली ठेव मुलाला. त्याचे ‘अभियंता’ निघाले, तो झाला आणि सुखात आहे. पालकसभेत निवृत्त होईपर्यंत मी त्याचाच दाखला देत असे. अट एकच: सहा वर्षांच्या नातीला त्याने ‘करिअर पूर्वतयारी’च्या वर्गात घालू नये. घातल्यास ठेव मुलीकडे जाईल.

३. माझे लाकडी कपाट खेळाच्या मास्तरांना द्यावे. “बाई, आधी पोरांचे दुधाचे दात तरी पडू द्या,” असे ते भर सभेत म्हणाले होते. त्याबद्दल मी त्यांना माफ केलेले नाही. पण त्यांचे म्हणणे बरोबर होते, म्हणून कपाट.

४. चाचणीची मूळ प्रत जाळावी. मुख्याध्यापिका मागायला येतील, देऊ नये. कारण लिहून ठेवते. गेल्या महिन्यात वेळ जाईना म्हणून मी स्वतःच ती सोडवली. निकाल: ‘एकट्याने करायची कामे योग्य. लहान मुलांशी संबंध येणारे व्यवसाय टाळावेत.’ बेरीज तीनदा तपासली. चूक नाही.

सहीपूर्वी डॉक्टरांनी नियमाप्रमाणे विचारले, “बाई, पूर्ण शुद्धीवर आहात ना?”

“हो,” मी म्हटले, “गेल्या महिन्यापासून.”

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: १. घरचे डॉक्टर (सही) २. शेजारच्या दुकानातले शिंपी (सही)
स्थळ: मुलीच्या दुकानामागची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी, बुधवार