उंचीचा आकडा

९ जुलै १९६८

वाचलो!

नागपूरहून येताना मुंबईवर दाट ढग. टॉवरने हवेचा दाब सांगितला — एक हजार एक. तो आकडा कॅप्टनने आणि मी, को-पायलटने, आपापल्या अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या घड्याळावर, लावायचा, मोठ्याने वाचून जुळवायचा. मी वाचला. कॅप्टन चंद्रप्रकाश म्हणाले, "माझं झालंय." वाकून पाहिलं तर त्यांच्याकडे एक हजार तेरा! म्हणजे त्यांचा काटा दाखवतो त्याहून आम्ही साडेतीनशे फूट खाली. सांगितलं. "विद्याधर, तू तुझं बघ." पुन्हा ओरडून सांगितलं. तेवढ्यात ढग फाटले — समोर घाटकोपरची टेकडी! झोपड्यांच्या पत्र्यांवर ठेवलेले दगडसुद्धा दिसले. मी दांडा ओढला. विमान वर गेलं.

उतरल्यावर ते एवढंच बोलले, "माझ्या विमानाला हात लावलास?"

११ जुलै

चौकशी झाली. कॅप्टन म्हणाले, आकडा बरोबर होता, पोरगा घाबरला. कॉकपिटमध्ये तिसरं कुणी नव्हतंच. मला घरी बसवलंय.

१२ जुलै

बाबा भांडुपहून आले. बायकोनेच, मालननेच, कळवलं असणार. "झिला, मोठो माणूस आसा तो. पाय धर नि सुट." गिरणीत जन्म गेला त्यांचा, मुकादमाला कधी उलट बोलले नाहीत.

१५ जुलै

दशरथ आला होता. माझ्याच बॅचचा, तोही को-पायलट. "अरे, त्यांचा आकडा चुकतो हे मी पण पाहिलंय ना! गुपचूप हात घालून सरळ करायचा. बोलतोस कशाला, यार?"

"मग चौकशीत सांग की हे!"

चहा तसाच टाकून गेला.

१८ जुलै

पार्ल्यात घरावरून विमानं उतरतात. प्रत्येक आवाजाला मालन माझ्याकडे बघते. आता मलाच खात्री वाटेना — खरंच एक हजार तेरा होते का?

२० जुलै

लिहून दिलं. 'आकडा वाचण्यात माझीच चूक झाली.' चौकशीवाले साहेब खूष. सोमवारपासून कामावर — पुन्हा कॅप्टनबरोबरच!

मालन म्हणाली, "खोटं का लिहिलंत?" काय सांगू? त्या पत्र्यांखाली माणसं राहतात. मी त्यांना विकून आलो. संपलो मी.

२१ जुलै

संध्याकाळी दारात कॅप्टन चंद्रप्रकाश. एकटेच. बाबांनी लगबगीने खुर्ची दिली.

"मोतीबिंदू आहे मला," म्हणाले. "तो बारीक आकडा दिसतच नाही. डोळ्यांच्या तपासणीला तक्ता पाठ करून जातो. उद्या तू वाच, मी लावीन. कुणाला कळायचं नाही."

मी चपला घातल्या. "चला सर, साहेबांकडे. आत्ताच सांगू."

ते चाचपडत उठले, आणि पायरी उतरायला माझा हात धरला.