मोठी पुली मोटारीला

तीर्थरूप नाथामामांना भाचा रविराजचा दंडवत. मामींचा गुडघा कसा आहे? तुमचा राग कसा आहे? (मी कॉलेज सोडल्यापासून तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र सिन्नरच्या जीपवाल्या झुंबरकडे देतोय. त्याच्यासमोर फोडू नका, तो वाचतो.) मी ठीक आहे, फक्त निळा आहे.

त्याचं असं झालं. आमच्या शेजारच्या धोंडीरामआप्पांच्या द्राक्षमळ्यातल्या फवारणी पंपाचं इंजिन बसलं. त्यांच्या मुलीने, योगिनीने निरोप पाठवला, की विजेची मोटार जोडून दे. (योगिनीबद्दल आईला काही विचारू नका.) मी गेलो, तर आप्पा म्हणाले, अर्धवट शिकलेल्याच्या हाती मशीन द्यायचं नाय. आता मामा, माणसाने ऐकून तरी किती घ्यावं? मी तिथल्या तिथे शपथ घेतली, की पंप चालला नाही तर या मळ्यात पुन्हा पाऊल टाकणार नाही. (बोलून झाल्यावर लक्षात आलं, की योगिनी याच मळ्यात राहते.)

मोटार मिनिटाला चौदाशे चाळीस फेऱ्यांची, पंपाला हव्यात नऊशेच्या आसपास. पुल्या दोन, चार इंची आणि सहा इंची. कुठली कुठे, हा धडा बहुतेक मी कॉलेज सोडल्यावर झाला असावा. मी दोन्ही हातांत दोन पुल्या घेऊन उभा, तेवढ्यात योगिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली, मोठी मोटारीला लाव. ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून काही बोलली होती. मोटार डोक्यावर घे म्हणाली असती, तरी घेतली असती. पट्टा चढवला, आप्पांनी नारळ फोडला, मी बटण दाबलं.

पंप नऊशेच्या जागी दोन हजारांवर पळाला. नळी खुंटीवरून सुटली आणि दावं तोडलेल्या वासरासारखी अंगणभर उधळली. पिंपात फवारणीचं निळंशार मोरचूद कालवलेलं होतं. ओट्यावर परीटघडीच्या कपड्यांतली माणसं बसली होती. मला वाटलं, आप्पांनी माझी फजिती बघायला गाव जमवलंय, म्हणून आधी त्यांच्यावर ओरडलो आणि मग बटण शोधलं. तोवर सगळे निळे. ते योगिनीला बघायला एकलहऱ्याहून आलेले पाहुणे होते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पोहे न खाता गेले. आप्पा म्हणतात, हे मी मुद्दाम केलं. गाव म्हणतं, याला छाती लागते. मी नक्की काय केलं, ते माझं मलाच कळेना.

तर मामा, तुम्ही आयुष्यभर जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरलं. पुल्यांचं गणित कागदावर सहीनिशी लिहून पाठवा, म्हणजे माझा गुन्हा अज्ञानाचा आहे, लबाडीचा नाही, हे आप्पांना दाखवता येईल.

तुमचाच,
रविराज

ता. क. गणित राहू द्या. रविवारी टोपी घालून तुम्हीच या. आप्पा तुमचा शब्द मोडत नाहीत. पुलीचं नाही, माझं बोलायचंय.

ता. क. (दुसरा) झुंबरकडे निघालो होतो, वाटेत मळा लागला. (बांधाबाहेरच थांबलो, शपथ आहे.) पंप झकास चालू. पुल्यांची अदलाबदल करून योगिनीच फवारत होती. हे तुला कुणी शिकवलं, म्हटलं, तर नळी खाली न ठेवता म्हणाली, "कुठली पुली कुठं, ते मला पहिल्यापासून ठाऊक हे. तुला नाय, म्हणून तर तुला बोलावलं."

मामा, अशा वेळी रागवायचं असतं की लाजायचं? आणि पंप तर चालला, मग मी मळ्यात जाऊ शकतो ना? रविवारपर्यंत दम निघत नाही, शनिवारीच या.